हेड एकदाच खोलायचं

आधी रेडिएटरमधलं पाणी सोडायचं. मग सायलेन्सर काढायचा, मग टॅपेट कव्हर. रॉकर उचलून बाजूला. पुशरॉड ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने फळीवर मांडायचे. मग हेडचे, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचे, बोल्ट. कडेकडून आत, एकदम नाही, सगळे थोडे थोडे सैल करत. हेड उचललं की खाली ब्लॉकला चिकटलेला काळा पत्रा दिसतो. ते गास्केट. काढताना ते फाटतं. नाही फाटलं तरी पुन्हा चालत नाही.

म्हणजे हेड खोललं की गास्केट गेलं. बिघाड एका वॉल्व्हचा असो नाहीतर सगळ्या सिलिंडरचा, गास्केट जायचं ते जातंच. म्हणून केजच्या अंबाजोगाई रोडवरचा मुनव्वर मिस्त्री बारीक आवाजाला हेड खोलत नसे. ट्रॅक्टर घेऊन आलेल्या माणसाला सांगायचा, चालू द्या. अजून दोन-तीन कामं साठू द्या. एका गास्केटमध्ये सगळं बसवू.

लोक त्याला प्रामाणिक म्हणायचे. तो होताही.

*

बंकट तहसीलसमोर टेबल टाकून विमा विकायचा. एका दुपारी तो गॅरेजवर आला आणि ऑइलने काळ्या झालेल्या फळीवर त्याने रंगीत पत्रक पसरलं. नवरा, बायको, मुलगी, तिघांचा मिळून दहा लाखांचा आरोग्य विमा. वर्षाचा हप्ता इतका कमी की मुनव्वरला संशय आला. त्याने विचारलं, यात खोच कुठं हाय.

बंकटने काही लपवलं नाही. दर वर्षी दवाखान्याच्या बिलाचे पहिले दोन लाख आपण भरायचे, असं त्याने सरळ सांगितलं. घरातल्या सगळ्यांची वर्षभराची बिलं मिळून दोन लाख झाली की तिथून पुढचं कंपनी भरणार. वर्ष संपलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्या दोन लाखांना बंकट उंबरठा म्हणायचा. उंबरठा ओलांडला की घर तुमचं.

मुनव्वरने हात पुसले, थोडा विचार केला.

"म्हंजे गास्केट," तो म्हणाला.

बंकटला कळेना. तेव्हा मुनव्वरने खिळ्याला टांगलेलं एक जुनं गास्केट काढून त्याच्या हातात दिलं आणि सगळं समजावून सांगितलं. छोट्या दुखण्याला खोलायचं नाही. साठवायचं. एकदाच खोलायचं, सगळं करून टाकायचं. बंकटने गास्केटच्या एका भोकातून रस्त्याकडे पाहिलं, हसला, आणि हे मी घेऊन जाऊ का म्हणून विचारलं.

पुढच्या आठवड्यात घाटनांदूरच्या बाजारात बंकटच्या टेबलावर तेच गास्केट लटकत होतं. मोटार रिवाइंडिंगवाले, पंक्चरवाले, फळांच्या गाडीवाले, सगळ्यांना तो मुनव्वरच्याच शब्दांत पटवून देत होता. त्या हंगामात त्याच्याइतक्या पॉलिसी तालुक्यात कुणी विकल्या नाहीत.

एक गोष्ट त्याने सांगितली नाही, कारण कुणी विचारलीच नाही. ही पॉलिसी ज्याच्याकडे आधीच दुसरी पॉलिसी आहे त्याच्यासाठी बनवलेली होती. पहिली पॉलिसी पहिले दोन लाख भरते, ही त्याच्या वरचं. वरचा मजला होता तो. मुनव्वरला खालच्या मजल्याशिवाय मिळाला.

*

पहिली दोन वर्षं काही झालं नाही. त्या दोन वर्षांत खडा, हर्निया, मोतीबिंदू असलं काही चालणारही नव्हतं. तसा नियम होता. हप्ता भरला, कार्ड आलं, ते कपाटात कुराणशरीफच्या खालच्या कप्प्यात ठेवलं. तिसऱ्या वर्षी मुनव्वरची बायको शाईस्ता एका लग्नातलं वलीम्याचं जेवून आली आणि उजव्या बरगडीखाली हात दाबून बसली. दुखणं खांद्यापर्यंत चढलं. उलटी झाली, मग उतरलं.

केजच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. पित्ताच्या पिशवीत खडे होते. दुर्बिणीतून ऑपरेशन होतं, चार बारीक छिद्रं, तिसऱ्या दिवशी घरी. त्यांनी सोनोग्राफीच्या पाकिटावर पेनाने पोटाची रेघ काढली आणि तिच्यावर चार टिंबं दिली. इथं, इथं, इथं आणि इथं. एवढंच. पण आता करून टाका, ते म्हणाले.

मुनव्वरने खर्च विचारला. उंबरठ्याच्या बराच खाली होता. मग त्याने मिस्त्रीसारखा प्रश्न विचारला.

"न्हाई खोललं तर चालंल का? अजून किती चालंल?"

डॉक्टर म्हणाले, वर्षभर चालेल, दहा वर्षं चालेल, नाहीतर उद्या खडा सरकेल आणि सगळंच अवघड होऊन बसेल. सांगता येत नाही.

वर्षभर चालेल, एवढं मुनव्वरने ऐकलं.

कारण त्याला स्वतःलाही एक काम होतं. गिअरबॉक्स उचलून उचलून जांघेत हर्निया झालेला. पट्टा बांधून तो काम करायचा. त्याने मनात दोन्ही मांडलं. दोघांचं एकाच वर्षात, एकाच दवाखान्यात. उंबरठा एकदाच भरायचा. पेरणीआधीची ट्रॅक्टरची कामं उरकली की लातूरला जाऊ, असं त्याने शाईस्ताला सांगितलं.

ती साड्यांना फॉल लावायचं काम करायची. मान वर न करता तिने विचारलं, तोवर मला कुठं ठेवता? फळीवर, पुशरॉडच्या बाजूला?

तो हसला. तीही हसली.

*

आधी तिने तळलेलं सोडलं, मग मटण, मग अंडं, मग चहातलं दूध, मग फोडणी, म्हणजे घरात फोडणी करायची आणि आपल्यापुरतं आधी बाजूला काढून ठेवायचं, मग दाण्याचा कूट, मग वरणावरचं तूप जे मुळात कधीतरीच असायचं, मग लग्नांना जाणं, कारण तिथं न जेवता उठलं की लोक विचारतात, मग डाव्या कुशीवर झोपणं, मग एकदम वाकणं, मग मोठ्याने हसणं.

*

सुंदरराव घाटनांदूरकडचे. ऊस, द्राक्षाची बाग, पंचायत समितीत वजन. त्यांचे दोन ट्रॅक्टर मुनव्वरकडेच यायचे आणि त्यांनी बंकटकडून तीच पॉलिसी घेतली होती, तीच कंपनी, तोच उंबरठा. त्यांची बायको छबुबाई यांनाही त्याच वर्षी खडे निघाले. हे सुंदररावांनी गॅरेजवर खुर्चीत बसून, काजू खात सांगितलं. मंगळवारी दुखलं, शुक्रवारी लातूरला ऑपरेशन, पुढच्या आठवड्यात छबुबाई पुतण्याच्या साखरपुड्यात पंगतीवर देखरेख करत होत्या.

मुनव्वरने विचारलं, मग उंबरठ्याचं काय केलं अण्णा.

सुंदररावांना क्षणभर उंबरठा म्हणजे काय तेच आठवलं नाही. मग म्हणाले, ते होय, खाली बँकेची दुसरी पॉलिसी हाय की, तिनंच भरलं सगळं. वरच्या पॉलिसीला हातबी लावायची गरज न्हाई पडली. आणि तसं नसतं तरी, ते म्हणाले, बाईमाणसाचं दुखणं, त्यात थांबायचं काय.

ते वाईट बोलले नाहीत. त्यांना तसंच वाटत होतं.

सटवा त्यांचा ट्रॅक्टर चालवायचा. त्याच्याकडे कसलीही पॉलिसी नव्हती. मालक निघून गेल्यावर तो मुनव्वरजवळ उकिडवा बसला आणि आवाज खाली आणून बोलला.

"भाई, सरकारीत करून टाका ना. माझ्या सुनेचं झालं की अंबाजोगाईला. खडाच व्हता. नंबर यायला जरा येळ लागला, पर रुपाया न्हाई लागला."

"आमच्याकडं पॉलिसी हाय बे," मुनव्वर म्हणाला. "सरकारीत कावून जाऊ?"

घर गॅरेजच्या मागेच. शाईस्ताने आतून ऐकलं. सटवा पाणी प्यायला गेला तेव्हा तिने त्याला विचारून घेतलं, कोणत्या वारी जायचं, चिठ्ठी कुठं काढायची, सोबत बाई लागते का. मग तिने मुनव्वरसमोर विषय काढला. मी जाते की, आपली पोर खुशनुमा येईल सोबत, त्यात काय.

मुनव्वर चिडला. तो सहसा चिडत नसे. तीन वर्षं हप्ता भरला तो कशासाठी, त्याने विचारलं. रांगेत उभं राहायचं असतं तर पॉलिसी काढली कशाला. चार लोकांत मी सांगितलं, माझ्या सांगण्यावरून अर्ध्या बाजाराने काढली, आणि माझीच बायको सरकारीच्या व्हरांड्यात दिसणार?

शाईस्ताने साडीची घडी घातली. तिला रांगेचं काही वाटत नव्हतं. पण कार्ड आल्यापासून या घराने सरकारी दवाखान्याचा रस्ता बंद करून टाकला होता, हे तिच्या लक्षात आलं. आधी काहीच नव्हतं तेव्हा तो उघडा होता.

*

पेरणीआधीची कामं उरकली. दोघं जीपने अंबाजोगाई, तिथून लातूर. दवाखाना मोठा होता, काचेचा. विम्याच्या खिडकीत एक मुलगी बसायची. तिने कार्ड पाहिलं, दोन्ही ऑपरेशनचा अंदाज काढला, बेरीज केली.

काका, ती म्हणाली, दोघांचं मिळून पण उंबरठ्याखालीच आहे. बरंच खाली. सगळं तुमच्याच खिशातून जाईल. तुमच्या पॉलिसीला यातलं काहीच लागत नाही.

मुनव्वरने तिला पुन्हा बेरीज करायला लावली. तिने केली. त्याच्याजवळ पैसे होते, पण सगळे नव्हते. आणि जे होते ते खुशनुमाच्या फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाचे होते. एकट्या शाईस्ताचं झालं असतं. तिथे, त्या खिडकीसमोर उभं राहून, एकट्या शाईस्ताचं होऊ शकलं असतं. हे त्याला त्या वेळीही माहीत होतं.

पण मग सगळं खिशातून. आणि कार्ड नुसतंच कपाटात.

ते परत आले. येताना अंबाजोगाईला जीप बदलायची होती. सरकारी दवाखाना तिथून चालत जाण्यासारखा. शाईस्ताने त्या बाजूला पाहिलं. मग केजची जीप भरली, आणि ती आत सरकून बसली.

*

त्या संध्याकाळी जेवताना घरात खूप हसणं झालं.

उंबरठा भरायला अजून काय काय लागेल याचा हिशेब निघाला. मुनव्वरची आई रहेमतबी म्हणाली, माझा गुडघा घाला. पण तिचं नाव कार्डावर नव्हतं. वय जास्त होतं. खुशनुमा म्हणाली, माझी अक्कलदाढ आहे की. मुनव्वर म्हणाला, दात चालत न्हाईत, खाटेवर झोपावं लागतं. रहेमतबीने नातीला सांगितलं, मंग पाय मोडून घे, अब्बाचं काम होईल. खुशनुमा म्हणाली, एका पायाने भागंल का दोन्ही?

शाईस्ता भाताची पेज पीत होती.

"माझेच खडे वाढू द्या," ती म्हणाली. "तुमचा उंबरठा मी एकटीच भरते."

सगळ्यांत जास्त मुनव्वर हसला. हेडलासुद्धा असंच करावं लागतं, तो म्हणाला, थोडं थांबलं की काम आपोआप वाढतं.

*

पाऊस चांगला झाला. कामं वाढली. शाईस्ताला मधूनमधून दुखायचं, एक गोळी होती ती घेतली की थांबायचं. डॉक्टरांकडे जाणं बंद केलं, कारण गेलं की ते एकच विचारायचे. पोळ्यानंतर एकदा दुखणं दोन दिवस राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी खुशनुमा गॅरेजमध्ये आली आणि तिने सांगितलं, अम्मीचे डोळे पिवळे दिसतायत. मुनव्वर तेव्हा हेडचे बोल्ट आवळत होता, आणि बोल्ट आवळताना मधे सोडता येत नाहीत, एक घट्ट आणि एक सैल राहिला तर नवं गास्केट तिथंच जळतं, म्हणून त्याने

*

सगळे आवळून झाल्यावर हात धुतले.

*

खडा सरकून नळीत अडकला होता. स्वादुपिंडाला सूज आली होती. लातूरच्या त्याच काचेच्या दवाखान्यात तिला थेट अतिदक्षता विभागात नेलं. डॉक्टर तरुण होता. त्याने मुनव्वरला ओरडून काही म्हटलं नाही. नुसतं सोनोग्राफीचं जुनं पाकीट हातात घेतलं, त्यावरची तारीख पाहिली आणि परत दिलं. पाकिटावर चार टिंबं होती.

दोन लाख कसे जमवले ते सांगण्यात अर्थ नाही. ज्यांना जमवावे लागलेत त्यांना माहीत आहे, आणि ज्यांना लागले नाहीत त्यांना सांगून कळत नाही. खुशनुमाचं दुसरं वर्ष त्यात गेलं एवढं पुरे.

रोज सकाळी विम्याच्या खिडकीतली मुलगी आकडा सांगायची. रोज मुनव्वर खाली जाऊन भरायचा. वर जिन्यावर बसून राहायचा. पट्ट्याखाली जांघेत ठणकायचं. काचेतून शाईस्ता दिसायची, फुगलेली, नाकातोंडात नळ्या, हात बांधलेले, म्हणजे तिने नळी ओढू नये म्हणून. तिचं पोट ताणलेल्या चामड्यासारखं. एकदा तिने डोळे उघडले तेव्हा त्याने काचेवर बोट आपटलं. तिने आवाजाच्या दिशेला पाहिलं. त्याला पाहिलं की काचेला, ते कळलं नाही.

एका सकाळी मुलगी स्वतः जिना चढून वर आली. ती चांगली मुलगी होती. खाली बोलावलं असतं तरी चाललं असतं. ती म्हणाली, काका, काल रात्रीच्या बिलात तुमचे दोन लाख पूर्ण झाले. आता इथून पुढे तुम्हाला काही भरायचं नाही. सगळं कंपनी बघेल.

आणि मुनव्वरला बरं वाटलं.

जिन्यावर बसल्या जागी त्याच्या पाठीतला ताण गेला. त्याने फोन काढला आणि मेहुण्याला सांगितलं, झालं, उंबरठा ओलांडला, आता काळजी न्हाई. बंकटलाही सांगितलं. बंकट म्हणाला, मी म्हणलं नव्हतं का भाई, कंपनी लई चांगली हाय. मुनव्वरने खाली जाऊन चहा घेतला. पहिल्यांदा बिस्कीटही घेतलं.

त्या दिवसापासून दवाखाना बदलला. आधी जी तपासणी करायची का म्हणून विचारायचे ती आता न विचारता व्हायची. मोठे डॉक्टर आले, मोठं मशीन आलं. शाईस्तासाठी आता सगळं होतं.

ती गेली तेव्हा मुनव्वर चहाच्याच गाडीवर होता.

*

कंपनीने एकही कागद परत पाठवला नाही. उंबरठ्याच्या वरचं सगळं बिल भरलं, पै न पै. कुणी फसवलं नाही. कुणी कुणाला खोटं सांगितलं नाही. जे छापलं होतं ते तसंच झालं. भांडायला जावं तर कुणाच्या दारात?

सटवा जनाज्याला आला होता. मागे उभा होता. सुंदरराव दुसऱ्या दिवशी गाडीने आले, ओसरीवर बसले. छबुबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि रहेमतबीला म्हणाल्या, मलाबी हेच झालतं हो, हेच. रहेमतबी त्यांच्याकडे पाहत राहिली.

*

चाळिसावा झाल्यावर बंकट आला. दुःखाला तो आधी येऊन गेला होता, रडलाही होता, खरंच. आता तो फळीजवळ उभा राहिला. मुनव्वर एका इंजिनात डोकं घालून होता. त्याने वर पाहिलं नाही.

बंकट म्हणाला, एक सांगायचं होतं, रागावू नका. पॉलिसीचं वर्ष संपायला अजून थोडं बाकी आहे. नंतर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

मुनव्वर काम करत राहिला.

"उंबरठा भरलेला हाय, भाई," बंकट म्हणाला. "भाबींच्या बिलात. म्हंजे या वर्षी तुमचं हर्नियाचं केलं तर तुमाला काहीच भरायचं न्हाई. सगळं कंपनी देणार. तुमीच म्हणत होता ना, दोघांचं एकदाच."

पान्हा फळीवर ठेवण्याचा आवाज झाला.

मुनव्वरने विचारलं, माझं गास्केट कुठाय. बंकटला आधी कळलं नाही. मग तो म्हणाला, ते गंजलं, पत्रा सुटायला लागला होता. कंपनीने आता तसंच पुठ्ठ्याचं करून दिलं आहे, रंगीत, वर नाव छापलेलं. सगळ्या एजंटांना वाटलं आहे. तुमची कल्पना त्यांना लई आवडली.

मुनव्वरने त्याला जायला सांगितलं. शिवी दिली नाही. नुसतं सांगितलं, जा. बंकट गेला. जाताना त्याने फळीवर एक कागद ठेवला, त्यावर वर्ष संपायची तारीख लिहिली होती. कागद ऑइलमध्ये भिजत राहिला.

*

मुनव्वरने ठरवलं, जायचं नाही. यात ठरवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही. तिच्या मरणावर माझा हर्निया? पट्टा अजून एक भोक आत ओढला. गिअरबॉक्स उचलला. दुपारी त्याला फळीला धरून खाली बसावं लागलं. कपाळावर घाम, ओठ पांढरे. सटवा ट्रॅक्टर घेऊन आला होता, त्याने धरून घरात आणलं.

रहेमतबीने गरम विटेने शेकलं आणि शिव्या दिल्या, मुलाला नाही, विटेला, चुलीला, जगाला. खुशनुमा दारात उभी होती. तिचं कॉलेज सुटलं होतं. आता साड्यांना फॉल ती लावायची. आई गेल्यापासून बापाशी ती कामापुरतंच बोलायची. कुणी ते बोलून दाखवलं नव्हतं.

तिने हातात कागद धरला होता. ऑइलचा, बंकटचा. तो तिने फळीवरून उचलून आणला होता.

ती म्हणाली, उद्या लातूरला जायचं. मी फोन केलाय. मुनव्वर भिंतीकडे तोंड करून पडला. म्हणाला, न्हाई. तिने विचारलं, का.

"अम्मीनं भरलंय ते," खुशनुमा म्हणाली. "वाया कावून घालवता?"

रहेमतबीचा शेकणारा हात थांबला.

गेलेलं गास्केट वाया घालवायचं नाही, हे या घरात त्यानेच शिकवलं होतं. मुलगी त्याला माफ करत नव्हती आणि शिक्षाही करत नव्हती. ती हिशेब करत होती, त्याच्याचसारखा.

*

विम्याच्या खिडकीत तीच मुलगी होती. तिने कार्ड पाहिलं, मग मुनव्वरकडे पाहिलं, आणि पटकन खाली पाहिलं. आगाऊ काही भरायला सांगितलं नाही. सही कुठं करायची ते दाखवलं.

ऑपरेशनला तासभरही लागला नाही. दुसऱ्या दिवशी सुटी. कागदावर खालच्या रकान्यात, रुग्णाने भरायची रक्कम, तिथे शून्य होतं. खुशनुमाने फाइल बांधली. जिना उतरताना ती दोन पायऱ्या पुढे होती आणि मागे वळून पाहत नव्हती, पण हात मागे धरला होता, त्याला लागलाच तर.

जीपमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. अंबाजोगाई मागे गेलं. रस्ता खराब होता तिथे मुनव्वरने सदरा बाजूला केला आणि जांघेवरची पट्टी पाहिली. चार बोटांएवढी पट्टी. आत एक चीर, थोडे टाके. म्हणजे एवढंसंच खोलतात.

शाईस्ताची चार टिंबं त्या एका पट्टीखाली मावली असती.